पुढचे पाहणारा कारभारी

कोकणातल्या वाडीतून मुंबईस गिरणीत नोकरीला गेलेला चाकरमानी महिन्याच्या महिन्याला घरी मनिऑर्डर पाठवीत असे, त्या काळातला एक साधा प्रसंग वाचकांनी डोळ्यांपुढे आणावा. पाठविलेले पैसे आईच्या हातात पडेपर्यंत आठ-दहा दिवस जात. आणि त्या मधल्या दिवसांत ‘पैसे अजून मिळाले नाहीत’ असे कार्ड गावाहून आले, तर समंजस चाकरमानी लागलीच दुसरी मनिऑर्डर करीत नसे, कारण पहिले पैसे वाटेवर आहेत हा हिशेब त्याच्या मनात पक्का असे. हा हिशेब ज्याच्यापाशी नाही असा अधीर मुलगा कार्डामागून कार्ड आले की मनिऑर्डरीमागून मनिऑर्डर करील, प्रसंगी पठाणाचे कर्ज काढून करील, आणि सगळ्या रकमा गावी एकदम पोचून ‘आता पुरे’ असे पत्र आले म्हणजे पुढचे तीन महिने हात आखडून बसेल. परिणामी घरी कधी चैन तर कधी उपास, आणि दोन्हींचे कारण एकच. या दोन मुलांच्या वागण्यात जे अंतर आहे, तेच अंतर कारखान्यातल्या जुन्या आणि नव्या नियंत्रणपद्धतींत आहे, आणि त्या नव्या पद्धतीची ओळख करून देणे हा या प्रकरणाचा हेतू आहे. तिला शास्त्रीय भाषेत प्रतिमानाधारित पूर्वानुमानी नियंत्रण म्हणता येईल. कारखान्यात मात्र सर्वजण तिला मॉडेल प्रेडिक्टिव्ह कंट्रोल किंवा नुसते एम.पी.सी. असेच म्हणतात.

रासायनिक कारखान्यात ‘वाटेवर असणे’ हा अपवाद नव्हे, नित्याचा नियम होय. ऊर्ध्वपातनाचा उंच कॉलम घ्या. त्याच्या तळाशी रिबॉयलरमध्ये वाफेने द्रव उकळवावयाचा, वरून थंड केलेल्या द्रवाचा काही भाग रिफ्लक्स म्हणून पुन्हा खाली सोडावयाचा, आणि मधल्या कित्येक ताटांवर वर जाणारी वाफ व खाली येणारा द्रव यांची देवघेव होत होत हलका पदार्थ माथ्याशी आणि जड पदार्थ तळाशी वेगळा करावयाचा, अशी त्याची रचना असते. प्रत्येक ताटावर द्रवाचा साठा असतो, तो बदलावयास वेळ लागतो. त्यामुळे तळाची वाफ आत्ता वाढविली तर माथ्याशी तिचा परिणाम काही मिनिटे मुळीच दिसत नाही, नंतर हळूहळू दिसू लागतो आणि तासाभराने कोठे स्थिरावतो. शिवाय मालाची शुद्धता मोजणारे उपकरण स्वतःच आपला निकाल उशिरा देते. बदल करणे आणि बदल दिसणे यांमधील या पोकळ अवधीला मृतकाळ म्हणतात, आणि नियंत्रकाची खरी परीक्षा त्या अवधीत होते.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या कामासाठी जे साधन सिद्ध झाले ते पी.आय.डी. नियंत्रक होय. निकोलस मिनोर्स्की यांनी जहाजाचे सुकाणू धरणाऱ्या खलाशांचे निरीक्षण करून १९२२ साली त्याचे गणित मांडले, आणि झीगलर व निकोल्स यांनी १९४२ साली तो कसा जुळवावा याचे नियम देऊन सामान्य अभियंत्याच्या हाती दिला. आत्ताची चूक किती, आजवर साचलेली चूक किती, आणि चूक कोणत्या वेगाने बदलते आहे, या तीन गोष्टींचे वजन करून हा नियंत्रक झडप किती उघडावयाची ते ठरवितो. मुंबईत ट्रॉम्बे-माहुल परिसरात १९५४ व १९५५ साली जे दोन तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले, त्या पिढीच्या कारखान्यांत हे नियंत्रक विजेवर नव्हे, तर हवेच्या दाबावर चालत. बारीक नळ्यांतून तीन ते पंधरा पौंडांच्या दाबाने हुकूम इकडून तिकडे जात. आजही कोणत्याही कारखान्यातल्या बहुसंख्य झडपा पी.आय.डी.च्याच अंमलाखाली असतात, आणि त्याबद्दल त्याचा योग्य तो मान राखलाच पाहिजे. परंतु त्याची दृष्टी घडून गेलेल्या चुकीवर खिळलेली असते. एक मापक आणि एक झडप एवढाच त्याचा संसार. शेजारच्या झडपेमुळे आपल्या मापकावर काय होईल याची त्याला गंधवार्ता नसते, आणि अमुक तपमानापुढे जावयाचेच नाही अशी हद्दही त्याला कळत नाही.

माझ्या उमेदवारीच्या दिवसांतील एक रात्र या संदर्भात मला नेहमी आठवते. रात्रपाळी होती, कच्च्या मालाची नवी टाकी जोडल्यामुळे कॉलमचे तळचे तपमान खाली सरकत होते, आणि पॅनेलसमोर उभा असलेला मी वाफेची झडप आणखी उघडण्यासाठी हात पुढे करीत होतो. पाळीवरच्या ज्येष्ठ ऑपरेटरांनी माझा हात न धरता नुसते सांगितले, “साहेब, आत्ता काही करू नका. पावणेदोनला दिलेली वाफ कॉलमला अजून पोचायची आहे. सव्वादोनला बघा, काटा आपोआप चढायला लागेल.” त्यांनी आपले लॉगबुक उघडून दाखविले. त्यात दर पंधरा मिनिटांचे आकडे तर होतेच, पण समासात पेन्सिलीने बारीक अक्षरांत, कोणत्या वेळी कोणती झडप किती फिरविली आणि तिचा परिणाम किती वेळाने दिसला, याच्या टिपा वर्षानुवर्षे केलेल्या होत्या. सव्वादोनला काटा खरोखरच चढू लागला. अडीच वाजता, तो ठरलेल्या आकड्याच्या पुष्कळ अलीकडे असतानाच, त्यांनी उठून वाफ थोडी कमी केली, आणि तीन वाजता तपमान जेथे हवे तेथे येऊन स्थिर झाले. माझ्या हातून जर ती झडप त्या वेळी उघडली गेली असती, तर पहाटेपर्यंत कॉलम वरखाली डोलत राहिला असता आणि तेवढ्या वेळातला माल पुन्हा भट्टीस लावावा लागला असता. त्या गृहस्थांनी शाळा मध्येच सोडली होती. परंतु ज्याला प्रतिमान म्हणतात, म्हणजे कारणाचा परिणाम किती व केव्हा होतो याचा हिशेब, तो त्या पेन्सिलीच्या टिपांत होता. एम.पी.सी.मध्ये जे आहे त्याचे बीज हेच. फक्त तेथे समासाची जागा सारणीने घेतली आहे आणि अनुभवाची बेरीज संगणक करतो.

ती सारणी कशी असते हे थोडे जवळून पाहू. समजा, कॉलम शांत असताना वाफेची झडप एक टक्क्याने उघडली आणि नुसते पाहत बसलो. पहिली दहा मिनिटे तपमान हलले नाही. पंधराव्या मिनिटाला ०.३ अंश चढले, विसाव्याला ०.८, तिसाव्याला १.५, आणि तासाभराने २ अंश चढून थांबले. हे आकडे एका उभ्या स्तंभात लिहून ठेवावेत. झडप दोन टक्के उघडली तर प्रत्येक आकडा दुप्पट होईल, आणि हीच झडप दहा मिनिटे उशिरा उघडली तर तोच स्तंभ दहा मिनिटांनी खाली सरकेल. म्हणजे पुढच्या तासाभरात निरनिराळ्या वेळी करावयाच्या फेरफारांचे स्तंभ एकाशेजारी एक, पायरीपायरीने खाली सरकवून मांडले, की आकड्यांचा जो चौकोन तयार होतो, त्यात कोणत्या फेरफाराचा कोणत्या क्षणी किती परिणाम होईल हे सर्व नोंदलेले असते. या चौकोनाला डायनॅमिक मॅट्रिक्स म्हणतात. आधी केलेल्या फेरफारांचे जे परिणाम अद्याप वाटेवर आहेत तेही याच आकड्यांवरून काढता येतात. म्हणजे समंजस चाकरमान्याचा मनातला हिशेब येथे कागदावर उतरतो.

आता उलटा प्रश्न विचारावयाचा. पुढच्या तासाभरात तपमान कोणत्या वाटेने जावे अशी आपली इच्छा आहे. मग त्यासाठी झडपेचे कोणते फेरफार करावेत? इच्छित वाट आणि अपेक्षित वाट यांतील अंतराचे वर्ग घ्यावेत, त्यांत फेरफारांच्या आकाराचे वर्ग काही वजन देऊन मिळवावेत, म्हणजे झडप उगाच हिसके देणार नाही, आणि ही बेरीज कमीत कमी होईल असे फेरफार संगणकाने शोधावेत. उत्तर म्हणून फेरफारांची एक संपूर्ण मालिका हाती येते: आत्ता इतके, मिनिटाने इतके, त्यानंतर इतके. आणि येथे या पद्धतीतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट येते: त्या मालिकेतला फक्त पहिला फेरफार अमलात आणावयाचा आणि उरलेली मालिका रद्द करावयाची.

एखाद्या संस्थानाच्या दूरदर्शी कारभाऱ्याची कल्पना करावी. तो चैत्रात बारा महिन्यांचे अंदाजपत्रक मांडतो, परंतु खर्च मंजूर करतो तो केवळ चैत्राचा. वैशाख उजाडला की प्रत्यक्ष वसूल किती झाला ते पाहतो, जुने अंदाजपत्रक दप्तरात टाकतो आणि वैशाखापासून पुढच्या बारा महिन्यांचे नवे मांडतो. त्याच्यापुढे सदैव बारा महिन्यांचा विचार असतो, आणि तरीही तो गेल्या महिन्याच्या समजुतीला बांधलेला नसतो. एम.पी.सी. हे काम साधारणतः दर मिनिटाला करते. तेवढ्यात एक दुरुस्तीही होते: मागच्या मिनिटाला वर्तविलेले तपमान आणि आता मोजलेले तपमान यांत जी तफावत येईल, ती जमाखर्चातल्या मागील बाकीसारखी पुढच्या सर्व अंदाजांत ओढावयाची. प्रतिमान थोडेबहुत चुकीचे असले, पाऊस पडून कॉलमची भिंत थंड झाली, कच्चा माल बदलला, तरी हा कारभार चालतो, तो या रोजच्या बाकीमुळे. आपण चालत जावे आणि क्षितिजाने तितकेच पुढे सरकावे, तसा हा नियोजनाचा काळ पुढे पुढे सरकत असतो, म्हणून या शास्त्रात त्याला सरकते क्षितिज म्हणतात.

ही कल्पना विद्यापीठात नव्हे, कारखान्यात जन्मली. ह्यूस्टन येथील शेल कंपनीतले चार्ल्स कटलर आणि बी. एल. रामाकर यांनी डायनॅमिक मॅट्रिक्स कंट्रोल या नावाने ती विकसित केली. तिचा पहिला उपयोग १९७३ सालचा, आणि जाहीर निवेदन त्या दशकाच्या अखेरीचे. फ्रान्समध्ये झाक रिशाले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतंत्रपणे तशीच पद्धत बसविली आणि १९७८ साली तिच्यावरचा निबंध प्रसिद्ध केला. १९७३ हेच वर्ष तेलाच्या किमती भडकल्याचे. इंधनाचा प्रत्येक थेंब मोजण्याची निकड आणि कारखान्यात नुकतेच आलेले संगणक या दोहोंचा योग त्या वेळी जुळून आला. रासायनिक प्रक्रिया मंद असतात, मिनिटाचा विलंब त्यांना चालतो; त्या काळच्या संगणकांना तेवढी सवड पुरत होती, म्हणून विमानाच्या किंवा क्षेपणास्त्राच्या आधी ही पद्धत तेलशुद्धीच्या कॉलमवर रुजली. तिची स्थिरता तर्कशुद्ध रीतीने सिद्ध करणारे प्रमेयांचे काम विद्वानांनी पुढची वीसेक वर्षे केले, आणि ते मोलाचे आहे. परंतु तोवर कारखान्यांनी वाट पाहिली नव्हती. चिन आणि बॅजवेल यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत जगभरातील ४,५०० हून अधिक ठिकाणांची नोंद आहे, आणि त्यांतली बहुसंख्य तेलशुद्धी व पेट्रोरसायनांची आहेत.

शेलच्या लोकांनी १९८० साली ज्या संयंत्रावरचा प्रयोग मांडला, ते मी मुद्दाम निवडतो, कारण या पद्धतीची खरी किंमत तेथे कळते. ते म्हणजे जड तेलाचे पेट्रोलमध्ये रूपांतर करणारे कॅटॅलिटिक क्रॅकर. पिठासारखा बारीक आणि तापलेला उत्प्रेरक एका उभ्या नळातून वर झेपावत असताना त्यात जड तेल फवारले जाते. जवळपास ५०० अंशांच्या वर, काही सेकंदांत, तेलाचे मोठे रेणू तुटतात आणि उत्प्रेरकाच्या कणांवर कोळशाचा थर बसतो. हा काजळलेला उत्प्रेरक शेजारच्या पुनरुज्जीवन-पात्रात जातो, तेथे हवा फुंकून तो कोळसा सुमारे ७०० अंशांवर जाळला जातो, आणि त्या जळण्यातून मिळालेली उष्णता घेऊन कण पुन्हा नळात येतात. एका पात्रातला कचरा दुसऱ्याचे इंधन होतो, त्यामुळे एका ठिकाणी बोट लावले की सारे यंत्र हलते: तेल वाढविले तर कोळसा वाढतो, कोळसा वाढला तर हवा हवी, हवा वाढली तर तपमान चढते, ते चढले की उत्प्रेरकाचे फिरणे बदलते, आणि त्याबरोबर तेल तुटण्याचे प्रमाणही.

या संयंत्राचा सर्वांत किफायतशीर कारभार नेहमी कोणत्या ना कोणत्या हद्दीला टेकून असतो. हवा फुंकणाऱ्या ब्लोअरची ताकद ही एक हद्द, निघालेला वायू दाबणाऱ्या कॉम्प्रेसरची दुसरी, पात्राच्या धातूला सोसेल एवढे तपमान ही तिसरी. चौथी हद्द निव्वळ सुरक्षेची आहे: दोन पात्रांमधल्या सरकत्या झडपेवरील दाबाचा फरक ठरावीक अंकाखाली गेला, तर प्रवाह उलटून तेल तापलेल्या पात्राकडे येण्याचा धोका, म्हणून तो फरक कोणत्याही परिस्थितीत राखावयाचा असतो. पी.आय.डी.ला या हद्दी दिसत नाहीत, आणि ऑपरेटर माणूस असल्याने त्या सर्वांपासून सुरक्षित अंतर ठेवून चालतो. १९८३ च्या सुमारास कटलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर सांगितलेल्या गणितात या हद्दी अटी म्हणून घातल्या, आणि तेव्हापासून संगणक केवळ उत्तम मालिका न शोधता, पुढच्या तासाभरात एकही हद्द न ओलांडणारी उत्तम मालिका शोधू लागला. हद्द ओलांडल्यावर मागे फिरणे आणि हद्द ओलांडली जाणार हे वीस मिनिटे आधी जाणून पाऊल आवरणे, यांतील भेद कारखान्यात काम केलेल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही.

एक लहानशी गोष्ट सांगतो. रात्री हवा थंड होते, म्हणून दाट होते. तोच ब्लोअर त्याच फेऱ्यांत अधिक प्राणवायू ढकलतो. म्हणजे क्रॅकरची हवेची हद्द रात्री जरा पलीकडे सरकते आणि सकाळी ऊन चढू लागले की पुन्हा अलीकडे येते. दर मिनिटाला हिशेब करणारा नियंत्रक अंधार पडल्यापासून तेल थोडेथोडे वाढवीत नेतो आणि उजाडल्यावर तितक्याच हळुवारपणे मागे घेतो. माणसाने रात्रभर जागून हेच करावे अशी अपेक्षा कोणताही जबाबदार साहेब करणार नाही.

कार्यक्षमतेचा लाभ बहुतांशी अशाच रीतीने येतो. मालाची शुद्धता ९९ टक्के असावी असा करार असेल, आणि कॉलम वरखाली डोलत असेल, तर ऑपरेटर ती ९९.५ वर धरतो, म्हणजे डोलताना ती ९९ खाली जाणार नाही. त्या वरच्या अर्ध्या टक्क्यासाठी रात्रंदिवस जादा वाफ जळते आणि गिऱ्हाईक तिचे पैसे देत नाही. डोलणे निम्म्यावर आले की शुद्धता ९९.२५ वर धरता येते. हीच गोष्ट सुरक्षेलाही लागू आहे. इंटरलॉक, म्हणजे हद्द ओलांडताच यंत्र आपोआप थांबविणारी कळ, बसून संयंत्र अचानक बंद पडणे, म्हणजे ज्याला कारखान्यात ट्रिप होणे म्हणतात, ते स्वतःच धोक्याचे असते, आणि त्यानंतरची पुन्हा सुरुवात त्याहून धोक्याची. जो कारभारी संयंत्राला त्या टोकापाशी जाऊच देत नाही, तो दोन संकटे टाळतो.

येथे अधिकारांची उतरंड स्पष्ट केली पाहिजे, कारण तिच्याबद्दल गैरसमज फार आहेत. एम.पी.सी. झडपांना सहसा थेट हुकूम देत नाही, ते पी.आय.डी.ना सेटपॉइंट, म्हणजे गाठावयाचा आकडा, देते आणि ते नियंत्रक सेकंदासेकंदाला झडपा हलवितात. पूर्वी मामलेदार गावच्या पाटलाला हुकूम देई आणि पाटील तो गावात बजावी, तशीच ही रचना. परंतु इंटरलॉक, सुरक्षा-झडपा आणि आणीबाणीची बंद-यंत्रणा ही या उतरंडीत बसत नाही. तिचे मापक वेगळे, तारा वेगळ्या, संगणक वेगळा. मामलेदाराच्या हुकमाने न चालणाऱ्या न्यायाधीशासारखी ती स्वतंत्र असली पाहिजे. एम.पी.सी. बसविले म्हणून सुरक्षा-यंत्रणेत काटकसर करणे हा मी अपराध समजतो. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळला विषारी वायूची गळती झाली तेव्हा टाकीचे शीतकरण बंद होते आणि वायू जाळणाऱ्या ज्वालास्तंभाची नळी काढून ठेवलेली होती. अशा ठिकाणी जगातला कोणताही नियंत्रक काही करू शकला नसता.

दुसरे उदाहरण अधिक बारकाईने पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत टेक्सास सिटी येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात २३ मार्च २००५ रोजी एक कॉलम सुरू करीत असताना तीन तासांहून अधिक काळ त्यात द्रव भरला जात होता आणि खालून काहीच बाहेर पडत नव्हते. कॉलम १७० फूट उंच. त्याच्या तळाशी एरवी सहा-साडेसहा फूट द्रव असावयाचा, तो दीडशे फुटांच्याही वर गेला, आणि बिघडलेला पातळीमापक मात्र दहा फुटांच्या आत, उलट हळूहळू उतरती पातळी दाखवीत राहिला. द्रव वरून उसळून बाहेर पडला, त्याच्या वाफेचा ढग पेटला, १५ माणसे मेली आणि १८० जखमी झाली. आत किती गेले आणि बाहेर किती आले यांची वजाबाकी एका पडद्यावर शेजारी शेजारी दाखविलेली नव्हती, हा चौकशीतला निष्कर्ष प्रत्येक अभियंत्याने पाठ करावा असा आहे. कारण प्रतिमानाचा पहिला गुण म्हणजे हाच जमाखर्च. मात्र प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे की मागील बाकी पुढे ओढणारे साधे एम.पी.सी. येथे फसले असते: हिशेब सांगतो पातळी चढते आहे, मापक सांगतो उतरते आहे, आणि साधा नियंत्रक मापकावर विश्वास ठेवून तफावत निमूटपणे खात्यात जिरवितो. बाकी जमेल तशी जिरवू नये. ती अवाजवी वाढली की तिची दखल घेऊन माणसाला हाक मारावी. चांगल्या रीतीने बसविलेल्या पद्धतीत ही तजवीज असते, आणि ती आहे की नाही हे विकत घेणाऱ्याने आधी विचारावे.

आपल्याकडे तारापूर, महाड, लोटे येथील औद्योगिक वसाहतींत पाहावे तर अखंड वाहणाऱ्या संयंत्रांपेक्षा बॅचचे रिॲक्टर अधिक. तेथे सुरक्षेचा प्रश्न वेगळे रूप घेतो. रिॲक्टरमध्ये एक द्रव्य भरून दुसरे थेंबाथेंबाने सोडावयाचे, क्रिया उष्णता देते, ती बाहेरच्या जॅकेटमधले पाणी काढून नेते. तपमान साधारण दहा अंशांनी वाढले की क्रियेचा वेग दुपटीच्या आसपास जातो, आणि पाण्याची उष्णता नेण्याची शक्ती मात्र तपमानाच्या फरकाच्या प्रमाणातच वाढते. म्हणून एका मर्यादेपुढे रिॲक्टर हाताबाहेर जातो. नवख्या माणसाला वाटते की थंड रिॲक्टर म्हणजे सुरक्षित रिॲक्टर. वस्तुस्थिती अनेकदा उलट असते. थंडपणामुळे क्रिया रेंगाळते, सोडलेले द्रव्य क्रिया न होता आत साठत जाते, आणि मग थोडी ऊब मिळताच तो सारा साठा एकदम पेट घेतो. म्हणून येथे पाहावयाचा आकडा आत्ताच्या तपमानाचा नसून दुसराच आहे: या क्षणी थंड पाणी बंद झाले, तर आत साठलेले द्रव्य तपमान कोठवर नेईल? समजा रिॲक्टर ८० अंशांवर आहे आणि साठ्यात आणखी ६० अंश चढविण्याची शक्ती आहे, तर ते १४० वर जाईल. आणि पात्राची हद्द १५० असेल, तर अजून दहा अंशांची सवड आहे. पूर्वानुमानी नियंत्रक हा आकडा सतत काढतो आणि तो हद्दीखाली राहील इतक्याच वेगाने द्रव्य सोडतो. सवड असते तेव्हा वेग वाढवितो, सवड संपत आली की आपोआप आखडता घेतो. भीतीपोटी चौदा तास चालविलेली बॅच अशा रीतीने लवकर संपू शकते, आणि तीही अधिक निर्धोकपणे. ही पद्धत बहुलकांच्या मोठ्या रिॲक्टरांसाठी युरोपात अभ्यासली गेली आहे. आपल्या लहान कारखानदारांपर्यंत ती पोचावयास हवी, कारण तिची गरज त्यांना अधिक आहे.

एवढे सांगून झाल्यावर खर्चाची बाजू लपविणे योग्य होणार नाही. संगणक स्वस्त झाला आहे, प्रतिमान स्वस्त झालेले नाही. प्रत्येक झडप वेगवेगळ्या वेळी थोडीथोडी हलवून, प्रत्येक मापकाचे उत्तर नोंदवून घेण्यास दिवस, कधी आठवडे लागतात. त्या काळात चालू उत्पादनाला हात लावावा लागतो, आणि पाळीवरच्या माणसांचा विश्वास नसेल तर ती परीक्षा पुरी होत नाही. प्रतिमान तयार झाले तरी ते शिळे होते: उत्प्रेरक म्हातारा होतो, उष्णता-विनिमयकांत गाळ बसतो, खनिज तेलाची जात बदलते. वर्षा-दोन वर्षांनी सारणीतले आकडे आणि कॉलमचे वागणे यांचा मेळ बसेनासा होतो, ऑपरेटर एक एक झडप नियंत्रकाच्या ताब्यातून काढून स्वतःच्या हाती घेऊ लागतात, आणि अखेर कागदोपत्री चालू असलेली पद्धत प्रत्यक्षात बंद असते. दोष त्यांचा नसतो. चुकीच्या पंचांगावर मुहूर्त काढावयास कोण तयार होईल?

पवईच्या आय.आय.टी.त आणि देशातल्या इतर काही संस्थांत हा विषय आज उत्तम रीतीने शिकविला जातो, आणि दरवर्षी तेथून तरुण अभियंते सारण्या, प्रमेये व संगणकाचे कौशल्य घेऊन कारखान्यांत दाखल होतात. त्यांना माझी एकच विनंती आहे. पहिली सारणी संगणकात भरण्यापूर्वी एक महिना रात्रपाळीला कंट्रोल रूममध्ये बसा, पॅनेलवरच्या सर्वांत जुन्या ऑपरेटरांचे लॉगबुक मागून घ्या, आणि त्याच्या समासात पेन्सिलीने जे लिहिलेले असेल ते आधी उतरवून काढा.